दिगू, लाल पेटीबद्दल

सांगली, रविवार रात्र

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार. दहा महिने तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे मधे दोन-तीन मेसेज आले, त्यांवर अंगठा दाखवून मोकळा झालो, आणि त्याची टोचणी रोज होती. आज लिहितोय, कारण शुक्रवारी जे झालं ते या गावात दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. पक्याला सांगितलं तर तो म्हणेल रद्दीत घाल सगळं. हिला सांगितलं, तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग आता खोकी किती राहणार?"

तब्येत ठीक आहे. साखर आटोक्यात, गुडघा कुरकुरतो. आई बरी आहे, तुझी चौकशी करते.

शुक्रवारी रात्री नऊला बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधली पोरगी दारात उभी. आठवीत आहे. हातात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची, आपल्या त्या पात्रं होऊन खेळायच्या खेळाची, लाल पुस्तिका, बोट एका पानात अडकवलेलं, डोळे पाणावलेले. म्हणाली, "काका, यातली अलीना मेली. तिला परत जिवंत नाही करता येत?"

दिगू, मी दाराची कडी धरून उभाच राहिलो. १९९२ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत तू आमच्या गावभागातल्या ओट्यावर बसून हेच, अगदी याच शब्दांत विचारलं होतंस. मी तुला हसलो होतो आणि तू चार दिवस माझ्याशी बोलला नव्हतास.

आता नीट पहिल्यापासून सांगतो. गावभागातलं घर आम्ही सोडलं. पाडव्याला विश्रामबागेत आलो, दुसऱ्या मजल्यावर. २००५, २०१९, २०२१, तीनदा घरातून चिखल काढला. चौथ्यांदा आईला उचलून जिना चढवायची ताकद माझ्यात नाही. प्रेस तिथंच आहे, मशीन तेवढं चौथऱ्यावर घेतलंय. नव्या हॉलमध्ये काचेचं कपाट आहे, त्यातले दोन खण हिनं मला दिले. एकेक खण दीड फुटाचा. पट्टी लावून मोजलं, जाड-पातळ मिळून पस्तीसेक पुस्तकं बसतात. आपली असल्या खेळांची आहेत एकशे बेचाळीस. बाकीची खोक्यांत भरून प्रेसवर ठेवायची म्हणजे परत कृष्णामाईच्या ओटीत घालायची. म्हणजे पस्तीस निवडायची आणि उरलेली कुणाला तरी देऊन टाकायची. त्यातली निम्मी तुझी. तू २००१ ला नोकरीसाठी सांगली सोडलीस तेव्हा ट्रंक माझ्या हवाली केलीस आणि म्हणालास, "बाळू, हे आपलं." म्हणून तुला विचारल्याशिवाय हात लावत नाही.

या निवडानिवडीत मी तीन रात्री जमिनीवर पुस्तकं पसरून बसलो होतो. दार उघडं होतं, ही पोरगी आत आली, फासे बघून हरखली. मोबाईलवर तिनं लोकांना खेळताना पाहिलंय. सगळा ढीग डोळ्यांखालून घातला आणि म्हणाली, "काका, यातलं आधी कुठलं वाचायचं?" तेहतीस वर्षं हा नाद करतोय, पण मला पटकन उत्तर देता येईना.

तुला आपलं भांडण आठवत असेलच. तुझं म्हणणं, संग्रह म्हणजे पूर्ण हवा. एका आवृत्तीचं एक पुस्तक आहे तर बाकीची सगळी हवीत, ओळीनं. माझं म्हणणं, जे टेबलावर आलं तेच आपलं. २००० साली तिसरी आवृत्ती आली, तिच्याबरोबर नियम सगळ्यांना वापरायला मोकळे करून दिले, आणि जो तो त्यावर पुस्तकं काढायला लागला. तू पगारातले पैसे साठवून जे दिसेल ते पुस्तक उचललंस. २००३ ला सुधारलेली साडेतीन आली, तीच तीन पुस्तकं तू परत घेतलीस! तेव्हा मी फोनवर जे बोललो ते जरा जास्तच होतं, तुझं नुकतंच लग्न ठरलं होतं. पण दिगू, त्या ढिगातली सव्वीस पुस्तकं अशी आहेत की ज्यांचा कणा आपण एकदाही वाकवलेला नाही. ती पहिली जाणार. साडेतीनचं एक 'प्लेयर्स हँडबुक' ठेवतो, आपल्या शेंड्याच्या टेबलावरच्या त्या गाजलेल्या लढाईची खूण म्हणून. बाकी नाही. रागव हवं तर.

ठेवायचं काय, यावर मी एकच कसोटी लावली, आणि ती मुळात तुझी आहे. नववीत मराठीच्या सरांनी विचारलं होतं, हा परदेशी खेळ खेळून काय मिळतं तुम्हाला? तू उभा राहून म्हणालास, सर, हे आपल्या सांगलीचंच आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा पात्रांना भाषणं लिहून दिलेली नव्हती. सूत्रधार पदं म्हणायचा, कथा पुढं न्यायचा, आणि पात्रं आपापली भाषणं उभ्या उभ्या रचून बोलायची. आमचा खेळ चालवणारा डंजन मास्टर, डीएम, म्हणजे तोच सूत्रधार. सरांनी तुला खाली बसवलं, पण आठवड्यानं ते स्वतः आपल्या ओट्यावर येऊन बसले होते. तेव्हापासून आपण डीएम म्हणणं सोडलं ते सोडलंच.

तर कसोटी ही: पुस्तकानं सूत्रधाराला म्हणायला पुरेशी पदं द्यावीत आणि पात्रांची भाषणं मोकळी ठेवावीत. ही लावली की निम्मा ढीग आपोआप बाजूला होतो. अलीकडची अडीचशे पानी साहसं, म्हणजे खेळायच्या तयार कथा, बघ. चित्रं देखणी, आर्ट पेपर गुळगुळीत, पण प्रत्येक खोलीत कोण काय बोलणार हे आधीच लिहून ठेवलेलं. सूत्रधार टेबलावर बसून नुसता वाचत राहतो. उलट 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' घे. बत्तीस पानं. एक गढी, एक दरी, दरीत गुहा, गुहांत एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्या. कुणाशी लढायचं आणि कुणाला फितवायचं ते तुमचं तुम्ही बघा. आपण त्यावर अख्खा उन्हाळा काढला. '८३ चं 'रेव्हनलॉफ्ट' तसंच, हिकमन नवरा-बायकोचं. सुरुवातीला पत्ते काढायचे आणि त्या पत्त्यांवरून ठरायचं की तो रक्तपिपासू सरदार कशाच्या मागे आहे आणि त्याला मारायची वस्तू वाड्यात कुठं दडलीय. म्हणून तेच साहस दुसऱ्यांदा खेळलं तर वेगळं निघतं. ही दोन्ही वरच्या खणात, समोर. नियमांचं पुस्तक काय करता येतं ते सांगतं, साहसाचं पुस्तक कसं करायचं ते दाखवतं. म्हणून यावेळी ठरवलंय, नियमांच्या प्रत्येक पुस्तकामागे त्याचं एक तरी साहस राहिलंच पाहिजे. जोडीदार नसलेलं नियमांचं पुस्तक कपाटात नुसतं जागा अडवतं.

खेळाच्या जनकांपैकी एक त्या गायगॅक्सची तीन जाड पुस्तकं ठेवतोय. राक्षसांचं १९७७ चं, खेळाडूंचं '७८ चं, सूत्रधाराचं '७९ चं. एका खेळाचे नियम तीन वर्षांत हप्त्याहप्त्यानं आले आणि लोक अर्धवट नियमांवरच खेळत राहिले, याचं मला अजून कौतुक वाटतं. पहिल्यात साडेतीनशेच्या वर राक्षस. तिसरं मी नियमांसाठी ठेवत नाहीये. कोण कशावर कितीला मारतो ते तक्ते आता डोळ्यांना दिसतही नाहीत. पण मागची परिशिष्टं! फासे टाकत टाकत तळघर रचायचं ते पहिलं परिशिष्ट, आणि ज्या कादंबऱ्यांवरून हा खेळ सुचला त्यांची यादी असलेलं 'एन'. रात्री झोप आली नाही की मी अजून ते कुठूनही उघडतो. शिवाय बांधणी बघ. शिलाईची आहे, पंचेचाळीस वर्षं झाली, एक फर्मा सुटलेला नाही. हे मी प्रेसवाला म्हणून सांगतो.

'डेइटीज अँड डेमिगॉड्स'चं, त्या देवादिकांच्या पुस्तकाचं, काय करू? तुझी प्रत १४४ पानांची आहे, नंतर काढून टाकलेल्या दोन पुराणांसकट. लोक तिच्यासाठी वेडे होतात. पण आपण ती वापरली कधी? एकदाच, आजीला इंद्राचे आणि अग्नीचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसतील ते आकडे, वाचून दाखवायला. आजी म्हणाली होती, "इंद्राला कुणी मोजलं रे? आणि मोजून परत आला का तो?" त्या एका वाक्यासाठी ठेवावं म्हणतो.

'रूनक्वेस्ट' हा वेगळा खेळही ठेवतो, १९७८ चा. पोरांना कळायला हवं की लेव्हलच्या पायऱ्या चढत जाणं हा एकच मार्ग नाही. त्यात जे वापराल तेच सुधारतं. तलवार चालवलीत तर तलवार, झाडावर चढलात तर चढणं. आणि चिलखत वार चुकवत नाही, वार सोसतं. आपण नववीत 'चिलखत जेवढं जाड तेवढा आकडा लहान' या नियमावर महिनाभर डोकं फोडलं होतं, उघड्या अंगाला नऊ आणि पोलादी चिलखत-ढालीला दोन. पक्या तर तिथंच सोडून गेला. त्याच्या हाती आधी हे पुस्तक पडतं तर तो आज रद्दीची भाषा करता ना.

'वॉरहॅमर'चं १९८६ चं पुस्तक तुझ्यासाठी. फासा टाकून धंदा ठरतो आणि तुझ्या नशिबी तीनदा उंदीर पकडणारा आला, सोबत ते छोटं खुनशी कुत्रं. तू त्या कुत्र्याचं नाव आपल्या पीटीच्या सरांवरून ठेवलंस आणि वही त्यांच्याच हाती लागली. तो मार मी अर्धा वाटून घेतला होता, हे तू सोयीनं विसरतोस.

आणि 'पेंड्रॅगन', आर्थर राजाच्या सरदारांचा खेळ. याच्यासाठी कुणाशीही भांडेन. स्टॅफर्डचं, १९८५. एका मोहिमेला एक वर्ष. मग हिवाळा येतो, सरदार घरी परततो, शेत पिकलं का, घोडा जगला का, मूल झालं का, हे सगळं फाशांवर. वय वाढतं, अंग सैल पडतं, आणि मग मुलगा घोड्यावर बसतो. स्वभावाच्या तेरा जोड्या, दयाळू-क्रूर, उदार-स्वार्थी अशा, दोहोंची बेरीज वीस. एक वाढला की दुसरा तेवढाच कमी. विशीत आपण हे पुस्तक कंटाळवाणं म्हणून बाजूला ठेवलं होतं. मागच्या महिन्यात मी त्या हिवाळ्याचं प्रकरण वाचलं आणि आईच्या खोलीत जाऊन तिचं पांघरूण नीट करून आलो. तू यावरून मावळ्यांचा खेळ लिहिणार होतास. दोन वह्या भरल्या होत्यास. त्या वह्या सुरक्षित आहेत, माझ्या प्रेसच्या तिजोरीत, वरच्या कप्प्यात.

चालू आवृत्तीचं एक तरी हवंच. पोरगी उद्या पुण्याला गेली, कॉलेजात कुणाबरोबर बसली, तर तिथं पाचवी आवृत्तीच खेळतील. २०१४ चं ठेवू की २०२४ चं नवं घेऊ, यावर दोन दिवस घालवले. २०१४ चंच ठेवतो. त्यावरची साहसं आपल्याकडे आहेत, आणि २०२३ च्या जानेवारीत कंपनीनं त्याचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये सगळ्यांसाठी खुले केले, ते आता कुणाला परत घेता येत नाहीत. उद्या मी प्रेसवर त्यांचं मराठी छापलं तरी, मूळ कुणाचं ते नमूद केलं की झालं.

आता मूळ प्रश्न. आधी कुठलं? तुला माझं मत माहीत आहे. मोल्डवेनं लिहिलेली सुरुवातीच्या नियमांची १९८१ ची पुस्तिका, चौसष्ट पानं, सगळं जागच्या जागी, खेळताना हवं ते पान क्षणात सापडतं. तुझं मत मेंट्झरची १९८३ ची लाल पेटी, दोन पुस्तिका, सहा फासे आणि त्यांचे आकडे भरायचा मेणाचा खडू असलेली. मी म्हणायचो ती विस्कळीत आहे, एक नियम शोधायला दोन्ही पुस्तिका चाळाव्या लागतात. तीस वर्षं मी हे म्हणत आलोय. तर सोमवारी मी त्या पोरीला मोल्डवे दिला. बुधवारी तिनं परत आणून दिला. छान आहे म्हणाली, आभार मानले, दारातूनच गेली. मी समजलो. गुरुवारी संध्याकाळी लाल पुस्तिका दिली, काहीच न बोलता. ती सुरू कशी होते तुला माहीत आहे. तू एक लढवय्या आहेस, गुहेत शिरतोस, पुजारीण अलीना भेटते, ती तुला एकेक गोष्ट शिकवते, नियम कधी शिकलो ते कळतही नाही, आणि मग दुष्ट जादूगार बार्गल येतो. शुक्रवारी नऊला बेल वाजली.

तू बरोबर होतास. मोल्डवे सूत्रधारासाठी आहे. एकट्यानं दार उघडणाऱ्यासाठी लाल पेटीच.

पण दिगू, तिच्या हातातली पुस्तिका तुझी नव्हती. हे लिहायलाच मी बसलोय आणि पाचवं पान आलं.

२०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांवर धोका, पाणी तो ओलांडून गेलेलं, रिक्षावरून भोंगा ओरडत फिरत होता. आमच्या गल्लीत आधी गटारातून पाणी वर आलं. आईला मिरजेला पोहोचवून परत आलो तेव्हा माझ्या हातात फार तर दोन तास होते आणि पोटमाळ्यावर जागा मोजकी. प्रेसची कागदपत्रं, आईची औषधं, बाबांचा फोटो, आणि मग पुस्तकं. मी किमतीनं निवडली. १४४ पानांचं ते आधी वर टाकलं. मग जाड पुट्ठ्यांची. मग प्लास्टिकसुद्धा न फाडलेली साडेतीनची. लाल पेटी ट्रंकेत खाली होती, कोपरे फाटलेले, तुझ्या मामांनी शिकागोहून आणताना बांधलेली दोरी अजून तशीच. बाजारात तिला काही भाव नाही, हे माझ्या डोक्यात आलं. नेमके हेच शब्द. आणि मी ट्रंकेचं झाकण लावलं.

पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आठवड्यानं घरात शिरलो. पेटीचा लगदा झाला होता. पुस्तिकांच्या सेंटर पिना गंजून पानांवर तपकिरी ओघळ उतरले होते. कागद साधा असल्यानं पानं चिकटली नव्हती, एकेक सुटं करून वर्तमानपत्रात ठेवलं, पंखा लावला, दोरीवर वाळवलं. पण गाळ धाग्याधाग्यात बसलेला. तुझं पेन्सिलीतलं पहिलं पात्र, गदावाला पुजारी, ज्याला धारदार शस्त्र चालत नाही म्हटल्यावर तू 'मग हा हनुमानाचा भक्त' ठरवलंस, ते पान हातात आलं आणि विरघळलं. फासे मात्र गाळात सापडले. सहापैकी पाच. आकड्यांत भरलेलं मेण शाबूत होतं. आठ बाजूंचा मिळाला नाही.

तू फोनवर विचारलंस, पेटी? मी म्हणालो, वर आहे, काळजी करू नको. पुढच्या वर्षी मी दुसरी मागवली, तशीच, जुनी. आपले पाच फासे त्यात घातले, आठ बाजूंचा तिच्यातलाच घेतला आणि त्याचे आकडे तिच्यातल्याच मेणाच्या खडूनं भरले. २०२२ च्या दिवाळीला तू आलास, पेटी मांडीवर घेतलीस, वास घेतलास. खडू उचललास. कोपरा जरासा झिजलेला, बाकी अखंड. तो हातात धरून तू बराच वेळ गप्प बसला होतास, मग म्हणालास, चहा टाक.

आपला खडू आपण '९२ सालीच संपवला होता दिगू. शेवटचा तुकडा पक्याच्या बहिणीनं रांगोळीत उडवला, तू तिच्यावर ओरडला होतास. तुला तेव्हाच कळलं होतं का? तीन वर्षं हेच डोक्यात आहे. कळलं असेल आणि तू बोलला नसशील, तर मी तुला काय म्हणू ते मला सुचत नाही. कळलं नसेल तर आता कळलं. माफ कर.

वहिनींच्या ऑपरेशनचं ताईकडून समजलं, आता हिंडू-फिरू लागल्या ना? फोन करायला हवा होता, करतो. पोराची दहावी कशी गेली? तुझी बदली झाली की राहिली? सगळं कळव. भडंग पाठवतोय, जाणारा माणूस आहे.

आणि हे लगेच कळव. ती दुसरी पेटी त्या पोरीला देऊन टाकू का? तिला खणात ठेवायला माझं मन घेत नाही, आणि तिला ती हवीय. वाळवलेली जुनी पानं मी फर्मा लावून शिवून घेतली आहेत, साधा काळा पुट्ठा घातलाय. ती पस्तिसात धरतो. फासे तुझे, तू सांगशील तिथं.

पुढच्या रविवारी पाच वाजता ती चार मैत्रिणींना घेऊन येणार आहे. सूत्रधार मी. मोबाईल टेबलावर स्पीकरवर ठेवतो. बार्गल तू बोल. तो आवाज मला कधी जमला नाही.

तुझा,
बाळू